सोडलेला चहा

सुमनताईंचं चहा पिणं बघण्यासारखं असे. कपबशी त्यांना चालत नसे. स्टीलचा उभा पेला, काठोकाठ भरलेला, पदराच्या टोकात धरून त्या दारातल्या पायरीवर बसत आणि पेला संपेपर्यंत कुणाशी बोलत नसत. सकाळचा पहिला नळाला पाणी यायच्या आधी. दुसरा, नवरा सयाजीराव पहिल्या शिफ्टला गेल्यावर. मग तळवड्याच्या कंपनीत दोनदा, आणि घरी आल्यावर हातपाय धुवायच्याही आधी एक. "माझं बोट कापलं तर चहाच निघंल," असं त्या स्वतःच म्हणत.

म्हणून त्यांनी चहा सोडला तेव्हा चिखलीतल्या त्या तीन मजली इमारतीत ती बातमीच झाली. सोडला तो तेजलसाठी.

इमारत सरूबाईंची. सरूबाई मूळच्या चिखली गावच्या. इमारत उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं. त्या तळमजल्यावर, मुलगा गणराजच्या संसारात राहात आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू. सुमनताई आणि सयाजीराव पहिल्या मजल्यावर. उदगीरकडून आलेलं जोडपं. सयाजीराव भोसरीत प्रेस शॉपला, पत्र्याचे पार्ट ठोकायला, आणि सुमनताई रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. साच्यातून निघालेल्या रबरी रिंगेला कडेने जो जास्तीचा पापुद्रा असतो, तो बारीक कात्रीने कापून टाकायचा, हे त्यांचं काम. कात्री इतकी सवयीची झाली होती की टीव्ही बघतानाही त्यांची दोन बोटं उघडमीट करत असत. एकुलता एक धनेश तिकडे दक्षिणेत होसूरला नोकरीला लागला, तिथलाच झाला आणि आता दर गुरुवारी फोन करी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. आई घरी सापडते, हे त्याला माहीत होतं.

तेजल वरच्या मजल्यावरची. तिचे वडील ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. आई वर्षाली चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये, पहाटेच्या बसने जायची. त्यामुळे तेजल शाळेत असल्यापासून सुमनताईंच्या घरात वाढली. तिची वेणी त्यांनी घातली, तिला पाढे सयाजीरावांनी शिकवले, म्हणजे सतरापर्यंत. पुढे सयाजीरावांनाच येत नव्हते. पोरगी उंच निघाली. "आता पुरे गं बाई, दाराची चौकट पाडशील," असं सुमनताई म्हणत राहिल्या आणि ती वाढत राहिली. शाळेतल्या मास्तरांनी तिच्या हातात बास्केटबॉल दिला. पुढे निगडीच्या बाजूला एका कॉलेजात खेळावरच प्रवेश मिळाला.

पहिली मॅच बघायला सगळी मंडळी गेली ती उत्सुकतेपोटी. सुमनताई बराच वेळ त्या जाळीकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, ह्या टोपलीला बूडच नाही!"

"तसंच असतं, सुमनताई," तिसऱ्या मजल्यावरचे उद्धवराव म्हणाले. ते कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांना विचारलं तर उत्तर मिळे, आणि न विचारता तर मिळेच. "नियम आहे तो."

"मग टाकायचं कशाला? सगळं खालीच येतंय."

"आगं, संसार बी तसाच हाय की," सरूबाई म्हणाल्या. "वरून टाकायचं, खालून जातंय. आमी कुटं काय म्हनतोय?"

पण टोपली समजली तशी गोडी लागली. तेजल बाजूच्या रेषेवरून उडी घेई. चेंडू हातातून सुटला की ती त्याच्याकडे बघतही नसे, पाठ फिरवून परत धावायला लागे. आणि मागे जाळीचा तो सर्रकन आवाज येई. सुमनताईंना सगळ्या खेळात तेवढं एकच फार आवडे, तिचं ते न बघणं. स्वयंपाकात हात बसलेली बाई जशी डब्याकडे न बघता मीठ टाकते, तसं.

त्या वर्षी गुरुवार म्हणजे सण झाला. गणराजचा टेम्पो गुरुवारी रिकामा असे. त्यात सतरंजी टाकून सगळे निघत. बरोबर शेंगदाण्याचे लाडू, आणि वाजवायला स्टीलची ताटं आणि उलथनी. तेजलचा बास्केट पडला की कोर्टाच्या पायऱ्यांवर असा काही गजर होई की समोरच्या कॉलेजच्या मुली कानांवर हात ठेवत. "आली बघ तेजलची वरात," असं त्या म्हणत. सुमनताईंच्या कानावर ते आलं आणि त्यांना ते मनापासून आवडलं. धनेशच्या लग्नात वरात निघालीच नव्हती. त्याने होसूरला रजिस्टर लग्न केलं होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बास्केट पडायचे थांबले.

आधी वाटलं, एखादा दिवस असा असतो. चेंडू टोपलीच्या कडीवर आपटे, गोल फिरे, आत डोकावे आणि बाहेर येई. मग कडीलाही लागेना. उद्धवरावांनी हवेत बोट धरून कोन काढून दाखवला. सयाजीराव म्हणाले, "राव, डाय घासली की माल असाच वाकडा पडतो. दोष मालाचा नसतो." पण इथे साचा म्हणजे नेमकं काय घासलं, हे त्यांना सांगता येईना. सुमनताईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळूनही खाट जराही उठला नाही, तशा त्या म्हणाल्या, बघा, केवढी नजर होती. पुढच्या गुरुवारी तेजलचा एकही चेंडू आत गेला नाही.

"होतं तरी काय गं तुला?" त्यांनी विचारलं.

तेजल जमिनीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. "काही नाही मावशी. आधी हाताला माहीत असायचं. आता मला माहीत असतं."

सुमनताईंना ते नीट कळलं नाही. त्यांनी लाडू पुढे केला.

तिच्या कोच अंजली मॅडम एकदा मुद्दाम पायऱ्यांपर्यंत आल्या. नम्रपणे म्हणाल्या, "विद्यापीठाच्या संघाची निवड फेब्रुवारीत आहे. तिचं नाव माझ्या डोक्यात आहे. सध्या शूटिंग गेलंय तिचं, पण जातं तसं येतं, सगळ्यांचंच येतं. तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही. पण ताटं जरा..."

"बंद," सुमनताई म्हणाल्या. "आजपासून बंद."

ताटं घरी राहिली. मंडळी मात्र येतच राहिली. आता ती पायरीवर ओळीने, हात मांडीवर ठेवून, श्वास धरून बसे. तेजलच्या हातात चेंडू आला की सगळ्यांच्या माना एकदम पुढे होत, आणि चेंडू बाहेर गेला की एकदम मागे. परतताना टेम्पोत तेजल मागच्या फळीला टेकून बसे आणि सगळे तिच्याशी आवाज खाली करून बोलत, जसं आजारी माणसाशी बोलतात.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही तर तेजलचं खेळणं संपल्यासारखंच होतं. वर्षालीने स्वच्छ सांगितलं होतं, "निवड झाली तर खेळ, नाहीतर कुठंतरी चिकट. मला एकटीला झेपत नाही." त्यात चूक काहीच नव्हती. आणि तेजलला तर खेळायचंच होतं. ती पहाटे अंधारात उठून सरावाला जाई, ते पायऱ्यांवरचे बुटांचे आवाज सुमनताई अंथरुणात ऐकत.

अशाच एका पहाटे त्यांनी देवांच्या फळीसमोर उभं राहून चहा सोडला. एका मॅचमध्ये तेजलचे पाच बास्केट पडेपर्यंत चहाला शिवायचं नाही. पाच म्हणजे काही डोंगर नव्हता. आदल्या वर्षी ती पहिल्या डावातच एवढे टाकत असे.

त्यांचा या सोडण्यावर विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. धनेश लहान असताना त्याचा ताप निघेना, तेव्हा सासूबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी भात सोडला होता. त्याचा ताप निघाला. डॉक्टरचं औषधही चालू होतंच, पण भात सोडल्यानंतर निघाला, हे त्यांनी बघितलं होतं. तेव्हा सासूबाईंनी एक बजावलं होतं. ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या काळी सुनांनी विचारायची पद्धत नव्हती.

पहिले काही दिवस डोकं इतकं दुखलं की कंपनीत कात्री चालेना. सयाजीरावांना सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी सयाजीराव उद्धवरावांना बोलले, आणि मग ते जिन्यावरून खाली-वर दोन्हीकडे गेलं.

"बाईमाणूस चहा सोडतं, मग आपण काय बघत बसायचं?" असं म्हणून सयाजीरावांनी तंबाखू सोडली. सुमनताईंना आनंद झाला. लग्नापासून त्यांच्या मागे लागून जे झालं नव्हतं, ते पोरीच्या बास्केटने केलं. ते कंपनीत हळूच मळतात हे त्यांना कपडे धुताना खिशातून कळलं, पण त्या बोलल्या नाहीत. उद्धवरावांनी टीव्हीवरच्या रात्रीच्या बातम्या सोडल्या. "देशात काय चाललंय ते कळत नाही आता," असं ते सगळ्यांना सांगत, म्हणजे त्यांनी काय सोडलंय ते सगळ्यांना कळे.

सरूबाई चारचौघात काहीच बोलल्या नाहीत. एका सकाळी त्यांची चप्पल उंबऱ्याच्या आत भिंतीला उभी करून ठेवलेली दिसली आणि त्या अनवाणी दळणाला निघाल्या होत्या.

"अहो सरूबाई, तुम्हाला शुगर आहे," सुमनताई म्हणाल्या.

"आसू दे. जलमभर ह्याच रानात उगड्या पायानं फिरली. माझंच रान हाय."

रान त्यांचं होतं, पण जमीन ती राहिली नव्हती. गल्लीत एकाआड एक पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचे लेथ चालत. लेथवरून निघणारा लोखंडाचा कीस पोत्यांतून सांडे, गाड्यांच्या चाकांनी सगळ्या रस्त्यावर पसरे आणि उन्हात चकाके. काही बारीक तुकडे, काही स्प्रिंगसारखे वळलेले आणि कडेला धार. ज्या मातीत सरूबाईंनी ज्वारी खुरपली होती, ती आता ह्या किसाच्या खाली होती. हे तिथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. पंक्चर काढणारा टायरवाला रोज त्यावरच जगत होता. तरी कुणी सरूबाईंना हाताला धरून चप्पल घातली नाही. देवाला बोललेल्याला मोडता घालायचा नसतो म्हणून. आणि खरं सांगायचं तर, सगळ्यांना मनातून ते मोठं वाटत होतं. सुमनताईंना तर फारच. आपल्या एका चहातून केवढं काय उभं राहिलं, असं त्यांना वाटत होतं.

मग एका संध्याकाळी तेजल त्यांच्याकडे आली. तिने स्वतःच दोघींसाठी चहा टाकला आणि पेला भरून पायरीवर आणून दिला.

"नको गं."

"का? पित्त झालंय?"

हो म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पुढे कितीतरी वेळा सुमनताई मनात त्या पायरीवर परत गेल्या आणि हो म्हणाल्या. पण त्या वेळी पोरीचा चेहरा इतका उतरलेला होता, की तिला काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

"तुझ्यासाठी सोडलाय," त्या म्हणाल्या. "पाच बास्केट पडले की तुझ्या हातचा पहिला घोट. आणि मी एकटी नाही. तू एकटी आहेस असं समजू नको." मग त्यांनी सगळं सांगितलं. तंबाखू, बातम्या, चप्पल.

तेजलने पेला खाली ठेवला. "आजी माझ्यासाठी अनवाणी फिरतात?"

"मग! तुला काय वाटलं, हौस म्हणून चप्पल काढली?" सुमनताई हसल्या. "सगळी इमारत तुझ्या पाठीशी आहे, पोरी."

तेजल हसली नाही. दोन्ही पेले तिने आत नेले आणि मोरीत ओतले. ओततानाचा आवाज सुमनताईंनी ऐकला. त्यांना वाटलं, पोरीला भरून आलं.

त्यानंतरच्या गुरुवारी तेजलचा एकही चेंडू चुकला नाही. कारण तिने एकही मारला नाही. चेंडू हातात आला की ती तो लगेच दुसरीला देई. कडीच्या अगदी खाली उभी असतानाही. सुमनताईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, आज तिच्याकडे चेंडू कमी येतोय.

"येतोय की," उद्धवराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिकवण्याचा नव्हता. "ती मारतच नाहीये."

खाली अंजली मॅडम ओरडत होत्या, "तेजल, मार! मार ना!" तेजलने चेंडू छातीशी धरला आणि पायऱ्यांकडे पाहिलं. सुमनताईंनी दोन्ही मुठी वळून वर दाखवल्या. पण तेजल त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर शेजारी, सरूबाईंच्या पायांवर होती. सिमेंट तापलेलं होतं आणि सरूबाई एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून बसल्या होत्या, मधूनमधून आलटून पालटून.

सरूबाईंच्या टाचेत कीस शिरला तो कधी, ते त्यांनाही कळलं नाही. शुगरमुळे पायाला फारसं कळतच नव्हतं. पाय सुजला, तळव्याला काळपट चट्टा आला, तेव्हा गणराजच्या लक्षात आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ केली आणि गणराजला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा अनवाणी चालल्या तर बोटं जातील, कदाचित पाऊलही. गणराज घरी येऊन आईच्या पाया पडला, मग तिच्यावर ओरडला. सरूबाई म्हणाल्या, "बोललेलं फिरवायचं न्हाई. त्या पोरीचं वाईट झालं तर कुनाच्या डोक्यावर? पट्टी बांध, पट्टीवरून चालते."

पट्टी बदलायला तेजल जाऊ लागली. रोज संध्याकाळी सरूबाईंचं पाऊल मांडीवर घेऊन ती बसे. तिचे लांब हात फार हळू काम करत. सरूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, "व्हईल गं. पाच तर हायेत. बोटाइतके."

एका संध्याकाळी पट्टी करून वर येताना तेजल सुमनताईंच्या दारात थांबली.

"मावशी, आजींना चप्पल घालायला सांगा ना. त्या तुमचं ऐकतील. तुमच्यापासून सुरू झालंय."

सुमनताई गव्हाच्या पिठाच्या परातीसमोर होत्या. डोकं ठणकत होतं. महिना होऊन गेला होता बिनचहाचा, कंपनीत सुपरवायझर बोलला होता, आणि मनातून त्यांना भीती वाटत होती ती सरूबाईंच्या पायाचीच. भीती वाटली की त्यांचा आवाज चढत असे, हे सयाजीरावांना माहीत होतं. तेजललाही माहीत असायला हवं होतं, असं त्या पुढे स्वतःला सांगत.

"मी काय सांगू? बोललेलं मला मोडता येतं का?" त्या म्हणाल्या. "तुझ्याच हातात आहे ते. टाक की मग पाच!"

तेजल "बरं," म्हणून वर गेली.

फेब्रुवारीत निवडीच्या आधीची शेवटची मॅच नाशिकला होती. वार मंगळवार, त्यामुळे कुणालाच जाता येणार नव्हतं. तेजल पहाटे बॅग घेऊन निघाली, तेव्हा सुमनताईंनी दारातून तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने ती खाल्ली आणि खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. परीक्षेला जातानाही ती कधी पाया पडत नसे. "लवकर ये," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारनंतर फोन आला. त्या दिवशी कंपनीत लाइट नव्हती, म्हणून सुमनताई घरीच होत्या.

"मावशी, पडले."

"काय?"

"पाच पडले. नाही, सहा. सहा पडले."

सुमनताईंनी फोन कानाशी घट्ट दाबला. फोनमधून गाड्यांचे आवाज येत होते, आणि त्यावरून एक रिक्षावाला जोरात ओरडत होता, "मोशी, चाकण, चाकण! चला, एक सीट, एक सीट!"

"मावशी, ऐकताय ना? खाली जा. आजींना चप्पल घालायला सांगा. आत्ता. मी फोनवर आहे."

"अगं तू आल्यावर..."

"आत्ता, मावशी."

त्या फोन कानाला धरून जिना उतरल्या. सरूबाईंनी बातमी ऐकून दोन्ही हात जोडले आणि मग भिंतीला उभी केलेली चप्पल खाली टाकली. सुजलेला पाय तिच्यात नीट जाईना. गणराजच्या बायकोने पट्टा कापून दिला. "घातली गं बाय, घातली," सरूबाई फोनमध्ये ओरडल्या. पलीकडून काही आवाज आला नाही. फक्त तो माणूस, चाकण, चाकण. मग फोन बंद झाला.

नाशकात चाकणच्या रिक्षा कुठून आल्या, हे सुमनताईंच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. पण वर आल्या आल्या त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं.

अख्ख्या इमारतीसाठी चहा झाला. उद्धवरावांनी जिलेबी आणली. सयाजीराव शिफ्टवरून आले आणि बातमी ऐकून, "मग आता हरकत नाही," म्हणून खिशातून पुडी काढली. ती आधीच निम्मी संपलेली होती आणि सगळे हसले. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर तेजल आली. सगळ्यांनी तिला मध्ये बसवलं. "पहिला कसा पडला सांग," उद्धवराव म्हणाले. तिने सांगितलं. दुसराही सांगितला. सुमनताईंनी तिच्या हातून पेला घेतला आणि घोट घेतला. इतक्या दिवसांनी तो जीभ भाजत खाली उतरला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेजल त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पेला संपेपर्यंत बघत होती.

निवड झाली नाही. "सहा पडले तरी नाही?" उद्धवराव संतापले. "वरून ठरलेलं असतं सगळं." तेजल म्हणाली, असेल. वर्षालीने ओळखीतून तिला तळवड्याच्या एका ऑफिसात दुपारचं काम लावून दिलं. कॉलेज सकाळचं. पहाटेचे बुटांचे आवाज थांबले. गुरुवारी गणराजचा टेम्पो भाड्याने जाऊ लागला. सरूबाईंची जखम सावकाश भरत आली. दोन बोटं काळी पडली होती, पण वाचली.

उन्हाळ्यात एकदा निगडीच्या भाजीबाजारात सुमनताईंना अंजली मॅडम दिसल्या. सुमनताईंनीच हाक मारली, आणि मनात साठलेलं बोलून टाकलं. "मॅडम, नाशिकला सहा टाकले हो पोरीने. तरी तुम्ही घेतलं नाही."

मॅडमच्या हातात मेथीची जुडी होती.

"नाशिकला ती आलीच नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी बसपाशी आली. जर्सी धुऊन, घडी करून आणली होती. ती माझ्या हातात दिली. मी खूप बोलले तिला. म्हटलं, जातं तसं येतं गं, आणखी महिना दोन महिने थांब, मी तुझी जागा ठेवते. तर म्हणाली, मॅडम, मला वेळ आहे. आजींच्या पायाला नाही." मॅडमनी जुडी पिशवीत टाकली. "मला कळलं नाही, कुठल्या आजी?"

"आमच्या घरमालकीण," सुमनताई म्हणाल्या.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. त्या दिवशी दिवसभर पोरगी कुठे बसली असेल? भोसरीच्या नाक्यावर, जिथे चाकणच्या रिक्षा लागतात, तिथे तिच्या मैत्रिणीची, प्राजक्ताची खोली होती. तिथे असेल. किंवा नाक्यावरच, बॅग मांडीवर घेऊन. तिकडे मॅच संपायच्या वेळेपर्यंत थांबून मग तिने फोन लावला असणार. हे सगळं तिने नीट विचार करून केलं होतं. आणि त्यांनी त्या माणसाचा आवाज ऐकला होता, स्वच्छ, आणि पातेलं ठेवलं होतं.

पहिला विचार आला तो चहा पुन्हा सोडायचा. पाच तर पडलेच नव्हते. बोललेलं तसंच राहिलं होतं. पण सुमनताईंनी चहा सोडला की सरूबाई दुसऱ्या दिवशी विचारतील, आणि तिसऱ्या दिवशी चप्पल भिंतीला उभी राहील. आणि तेजलला कळेल की मावशीला कळलं. पोरीने जे देऊन ती चप्पल सरूबाईंच्या पायात घातली होती, ते फुकट जाईल. चिखली येईपर्यंत त्यांना दुसरा रस्ता सापडला नाही.

त्यांनी सयाजीरावांनाही सांगितलं नाही. चहा चालू राहिला, पहिल्याइतकाच. फक्त आता त्या पायरीवर बसत नाहीत, आत ओट्याशी उभ्यानेच पितात.

गेल्या बुधवारी कंपनीने घरी करायला माल दिला होता. संध्याकाळी तेजल आली, नेहमीसारखी. तिने चहा टाकला, पेला सुमनताईंसमोर ठेवला आणि स्वतः दुसरी कात्री घेऊन समोर बसली. मधे रबरी रिंगांचा ढीग. तयार रिंगा टाकायची बादली लांब, दाराजवळ राहिली होती. सुमनताई ती आणायला उठू लागल्या.

"राहू द्या मावशी."

तेजलने रिंग कापली आणि मान वर न करता मनगटाने फेकली. बादलीत टप् असा आवाज झाला. ती ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी सांगत होती, साहेब कसा दुसऱ्याचा डबा खातो ते. दुसरी रिंग गेली. टप्. ती बादलीकडे बघत नव्हती. तिसरी. चौथी. सुमनताईंची कात्री थांबली.

हाताला परत माहीत झालं होतं. जुलैमध्ये कॉलेजचा नवा संघ निवडतात. अंजली मॅडम म्हणाल्या होत्या, जागा ठेवते. परत खेळ, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं. आणि मागोमाग पिठाची परात आणि त्यांचाच चढलेला आवाजही आला, टाक की मग पाच.

पाचवी रिंग बादलीत पडली.

"काय झालं मावशी?" तेजलने वर पाहिलं. "चहा निवतोय."

सुमनताईंनी पेला उचलला. ती बघत होती तोवर सगळा प्यायला.